नदीची रेती

गुणाजीने भिंतीवर तारेचा ब्रश दोनदा ओढला, बोटाला लागलेली पांढरी पूड जिभेवर टेकवली आणि खिडकीतून बाहेर थुंकला.

"खारा," तो म्हणाला.

चहाचा कप घेऊन दारात उभ्या असलेल्या पद्मजेला यात नवीन काही नव्हतं. बोरिवलीचं हे घर बांधून तीन वर्षं होत आली, आणि तेवढ्यात मागच्या दोन खोल्यांना तीनदा रंग लागला होता. दर वेळी नवा रंगारी छाती ठोकून सांगायचा, आणि दर वेळी चार महिन्यांत रंगाला फोड यायचे, पापुद्रे सुटायचे, खालून मिठाचा पांढरा लोणा फुलून वर यायचा. हा चौथा रंगारी. आल्या आल्या याने रंगाचा डबा उघडला नाही, एवढ्यानेच तिला जरा बरं वाटलं होतं.

"आधी भिंत तयार होऊक व्हयी, बाई," गुणाजी म्हणाला. "भिंतच धड नाय, तर वरचो रंग काय करतलो?"

"खाडीची रेती आहे हो. आमच्या मोठ्या भाऊजींनी आणलेली."

या घरात हे वाक्य इतक्या वेळा बोललं गेलं होतं की आता ते आपसूक तोंडातून निघे.

मोठे भाऊजी म्हणजे तिच्या नवऱ्याचा, श्यामकांतचा, थोरला भाऊ विद्याधर. मुलुंडला राहणारा, तीस वर्षं बांधकामांवर ओव्हरसियर म्हणून घालवलेला माणूस. धाकट्याचं घर त्याने भर उन्हात उभं राहून बांधून घेतलं. पुढे भिंती फुलल्या आणि श्यामकांतने डोक्यात राख घालून घेतली. घरातल्या सत्यनारायणाला, पंगत बसलेली असताना, तो सगळ्यांदेखत बोलला, "खाडीची रेती घालून माझं घर नासवलंस, दादा." विद्याधर म्हणाला, "रेती नदीची आहे, श्याम. मी पारखून घेतली होती." एवढंच म्हणाला आणि भरल्या पानावरून उठला. "चूक कबूल करशील तेव्हाच तुझी पायरी चढेन," हे शब्द श्यामकांतने त्याच्या पाठीवर फेकले.

आता दिवाळीपासून विद्याधर अंथरुणावर होता. डॉक्टरांनी हात टेकले होते. त्याची बायको कुंदा, हिची दोन पत्रं येऊन गेली. सारखी श्यामची आठवण काढतात, एकदा येऊन जावं. श्यामकांतचं आपलं एकच पालुपद, आधी कबूल करू दे. असला हट्ट एखाद्या पोराने धरला असता तर दोन धपाटे घालून मोकळं होता आलं असतं. पंचेचाळिशीच्या माणसाला कोण घालणार?

गुणाजीने छिन्नी घेऊन तळहाताएवढा गिलावा फोडला. आतला एक खडा दातांखाली चावला आणि बराच वेळ चघळत राहिला. या वेळी तो थुंकला नाही.

"आत खारा नाय."

"म्हणजे?"

तो सरळ स्वयंपाकघरात गेला. तिथल्या भिंतीवरून त्याने हात फिरवला. ती भिंत पहिल्या रंगाचीच होती आणि लख्ख होती.

"हिका गिलावो कधी केल्यानी?"

"ती सगळ्यात शेवटी. पाऊस सुरू झाल्यावर."

"रेती खयची?"

"त्याच ढिगातली."

गुणाजी परत मागच्या खोलीत आला. लोणा जिथे संपत होता तिथे त्याने कोळशाने रेघ ओढली. रेघ डोक्याच्या वर हातभर गेली होती. तिच्यावरची भिंत स्वच्छ होती.

"रेतीत मीठ असता तर स्वयंपाकघरपण फुलला असता. ह्यो रेतीचो दोष नाय, बाई. ओल्या गिलाव्यार पाणी मारतत ना, ता पाणी खारा होता. खयचा पाणी मारलास?"

पद्मजेने कप खिडकीत ठेवला. बशीत चहा सांडला होता.

बांधकामाला लागणारं सगळं पाणी विद्याधरने गावातल्या विहिरीवरून आणवलं होतं. बैलगाडीत पिंपं यायची. पुढच्या खोल्या आणि मागच्या दोन खोल्यांच्या भिंतींचा वरचा भाग गवंडी परांचीवर उभा राहून त्याच पाण्याने भिजवून गेला. मग वैशाख आला. गावातल्या बायका हंडे घेऊन तासन्‌तास विहिरीवर ताटकळायच्या आणि इथे पिण्याच्या पाण्याची पिंपं भिंतींवर ओतली जायची. पद्मजेला ते बघवेना. आपल्या परसात नवी विहीर होती की! पाणी मचूळ होतं, भांडी घासायला तेवढं चालायचं. तिने गाडीवानाला परत पाठवलं. "भिंतीला काय चव कळते?" असं वर हसून म्हणाली. मग सकाळ-संध्याकाळ, तीन आठवडे, पदर खोचून तिने त्या विहिरीचं पाणी ओढलं आणि हात पोचेल तिथवर तांब्याने भिंतींवर मारलं. खांदे भरून यायचे. पण आपणही या घरासाठी काही केलं, याचं तिला केवढं कौतुक वाटलं होतं! पुढे पाऊस लागला, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला पागोळ्यांचंच पाणी पुरलं. विद्याधर तेव्हा दुसऱ्या कामावर होता. त्याला कोणी सांगितलं नाही, आणि पुढे तिला कोणी विचारलं नाही.

"मी बोलूक नको होता काय?" गुणाजीने विचारलं. तिचा चेहरा त्याने पाहिला असावा.

"नाही हो. बरं झालं बोललात."

ती पडवीत येऊन बसली. आपल्या हातांनी, आपल्या या हातांनी घर नासवलं. आणि शिक्षा भोगतोय कोण, तर तो मुलुंडचा मरणपंथाला लागलेला माणूस. आज शनिवार, श्यामकांतचं ऑफिस अर्धा दिवस. आला की लगेच सांगायचं, काय ओरडायचं ते ओरडू दे, पण आजच्या आज त्याला मुलुंडला घेऊन जायचं. तिने मनाशी पक्कं केलं.

दोनच्या सुमाराला पोस्टमनने कार्ड टाकलं. अक्षर विद्याधरचं होतं, पण ओळी उतरत उतरत कोपऱ्यात गेल्या होत्या.

'चि. श्यामकांत यास अनेक आशीर्वाद. रेती खाडीचीच होती. मी खोटे बोललो. आता ये. विद्याधर.'

पद्मजेने ते दोनदा वाचलं आणि तिला रडू कोसळलं. तीस वर्षं ज्या माणसाने रेतीच्या एका गाडीबद्दल कुणाचं ऐकून घेतलं नाही, त्याने उघड्या कार्डावर, पोस्टातल्या दहा माणसांना वाचता येईल असं हे लिहिलं होतं. कशासाठी? धाकट्याने एकदा यावं म्हणून.

श्यामकांत तीनला आला. टोपी काढण्याआधीच तिने कार्ड त्याच्या हातात दिलं. त्याने उभ्याउभ्या वाचलं आणि तो झोपाळ्यावर बसला. जिंकल्याचा आनंद त्याच्या तोंडावर दिसेल असं तिला वाटलं होतं. तो दिसला नाही.

"हे खोटं आहे," ती म्हणाली. "रेती चांगली होती हो. भिंतींना पाणी मी मारलं, आपल्या विहिरीचं. त्यानेच झालं सगळं. आत रंगारी आहे, त्यालाच विचारा."

"माहीत आहे मला."

आत ब्रशचा आवाज थांबला.

"काय माहीत आहे?"

"पाण्याचं. गेल्या उन्हाळ्यात दाढीला विहिरीचं पाणी घेतलं होतं, ओठांना खारं लागलं. तू पाणी मारायचीस ते मी पाहिलेलंच होतं."

"गेल्या उन्हाळ्यात? वर्ष झालं की हो त्याला! वहिनींची पत्रं आली तेव्हा माहीत होतं तुम्हाला?"

"चारचौघांत बोलून बसलो होतो, पद्मा. ते मागे कसं घ्यायचं? आणि तुझं नाव पुढे आलं असतं."

"माझ्या नावाला काय सोनं लागलंय? येऊ द्यायचं होतं पुढे! मला तरी सांगायचंत."

गुणाजी हत्यारं गुंडाळून बाहेर आला, दोघांकडे न बघता "सोमवारी येतंय" म्हणाला आणि निघून गेला.

"चला," पद्मजा म्हणाली. "टोपी आहे ना डोक्यावर? असेच चला."

"कोणत्या तोंडाने जाऊ?"

"आहे त्याच."

ती लुगडं बदलायला आत गेली. बाहेर आली तेव्हा तो मेजाशी बसून कोरं कार्ड लिहीत होता. तिने त्याच्या खांद्यावरून वाचलं.

'ती. दादास शि. सा. न. तुझे पत्र पावले. तुझी चूक मी मनातून काढून टाकली आहे. तूही आता...'

"अहो, हे काय लिहिताय?"

"त्याला हेच हवं आहे," तो मान वर न करता म्हणाला. "मी माफ केलं म्हटलं की त्याला बरं वाटेल."

पद्मजेला त्याची शिसारी आली. आणि कार्डावर वाकलेली त्याची मान पाहून दयाही आली, पण त्या दयेचा काही उपयोग नव्हता. तिने चपला घातल्या.

"सकाळी जाऊ दोघं," तो मागून म्हणाला. "पद्मा, उद्या नक्की."

ती थांबली नाही.

दादरला गाडी बदलून ती मुलुंडला पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. कुंदाने दार उघडलं आणि आधी तिच्या मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

विद्याधर भिंतीकडच्या खाटेवर होता. हाताची नुसती काडी झाली होती. पद्मजा खाटेपाशी जमिनीवर बसली आणि सगळं एका दमात बोलली. वाटभर घोकत आली होती.

"भाऊजी, तुमची रेती चांगली होती. पाणी माझं खारं होतं. तुम्ही खोटं बोलला नव्हतात. माझ्यामुळे झालं सगळं."

त्याने तिच्याकडे पाहिलं. ऐकू गेलं होतं, समजलंही होतं.

"रेतीचं राहू दे गं," तो म्हणाला. आवाज जेमतेम ओठांबाहेर येत होता. "श्याम कुठाय?"

खाटेच्या पलीकडे कुंदा पदराचं टोक तोंडात धरून उभी होती. पद्मजेने तिच्याकडे पाहिलं. खरं सांगायला म्हणून ती एवढ्या लांब आली होती.

"आलेत," ती म्हणाली. "बाहेर पाय धुताहेत."

विद्याधरने बोटाने कुंदाला खूण केली, उशी जरा वर घे. दार नीट दिसत नव्हतं.