टिकलेला नियम

मलकपेठच्या त्या सोसायटीची पाणपोई उगादीला, म्हणजे पाडव्याला, सुरू व्हायची आणि मृगाला बंद. फाटकाशी दोन रांजण, वर वाळ्याचा पडदा, मागे स्टुलावर कुसुमताई. नवरा करोनात गेल्यापासून त्या दिराच्या घरी, मागल्या खोलीत राहत. दीर भगवंतराव सोसायटीचे अध्यक्ष. भर उन्हात बसायला दुसरं कुणी मिळेना, म्हणून हे पुण्याचं काम वहिनींकडे आलं. पुण्य नेहमी ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्याच वाट्याला येतं.

करोनाच्या साली सोसायटीनं दहा नियम केले होते. मास्क गेला, सॅनिटायझर वाळला, सहा फुटांचं अंतर पहिल्याच लग्नाच्या पंगतीत मोडलं. नऊ निकालात निघाले, एक टिकला. पाणी प्लास्टिकच्या नळीत ओतायचं, पलीकडच्यानं ओंजळीनं प्यायचं. तेव्हा सगळेच तसे प्यायचे. पुढल्या वर्षी येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी स्टीलचे पेले आले, नळी फक्त झाडूवाल्या बायकांना उरली. जात? छे हो, जातीचं नाव कुणी काढलंच नाही. 'इन्फेक्शन' हा एक शब्द सगळ्यांना पुरला, आणि असा मुरला की कुसुमताईंनाही तो खराच वाटू लागला.

मेमधल्या एका दुपारी सखू आली. नांदेडकडची, बौद्ध, वीस वर्षं हीच गल्ली झाडणारी. उजव्या हाताला भलीमोठी पट्टी.

"ताई, आज गिलासात द्या. कचऱ्यात काच होती, हात कापला. ओंजळ होईना."

कुसुमताईंनी वर पाहिलं. पहिल्या मजल्याच्या बाल्कनीत भगवंतराव उभे होते.

"एका हातानं पी ना गं. मला बोलतात घरात."

सखूनं डावा हात धरला. पाणी कोपरावरून धुळीत गेलं. दुसऱ्यांदाही तेच. ती हसली.

"करोनात तुमच्या घरची बिमारीची गादी ह्याच हातांनी उचलली की हो. तवा न्हवतं इन्फेक्शन?"

"सखू, उगाच तोंड चालवू नको."

"ऱ्हाऊ द्या, नक्को. तुमची नळी बी तहानली असंल, तिलाच पाजा."

झाडू काखेत मारून ती निघाली. रेसकोर्सच्या भिंतीपाशी पडली, आणि दवाखान्यात पोचायच्या आत संपली.

संध्याकाळी सोसायटीची बैठक बसली. "ग्लोबल वॉर्मिंग," भगवंतराव हळहळले. "चव्वेचाळीस डिग्री! माणूस काय करणार?" सगळ्यांनी माना डोलावल्या. पन्नास रोपं लावायचा ठराव झाला. उन्हावर ठपका ठेवणं सोयीचं असतं. ऊन काही सोसायटीचा सभासद नसतं.

तिसऱ्या दिवशी सखूची मुलगी रूपाली दारात आली. दिलसुखनगरच्या कापडदुकानात काम करणारी, विशीतली.

"अंकल, आईचे ओठ सुकून फाटले होते. रोज इथंच पाणी प्यायची ना? त्या दिवशी प्यायली का?"

"पोटभर!" भगवंतराव म्हणाले. "वहिनींनीच दिलं. हो की नाही, वहिनी?"

कुसुमताईंच्या डोळ्यांपुढून मागली खोली गेली, रक्तदाबाच्या गोळ्या गेल्या, दोन वेळचं ताट गेलं. शिवाय हो म्हटल्यानं त्या पोरीच्या जिवालाही थंडावाच मिळणार होता. सगळं काही त्या एका होकाराच्या बाजूनं होतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "तिनं पेला मागितला. पेले माझ्यापुढं पालथे होते. मी दिला नाही."

"वहिनी! आत चला. उन्हानं डोकं फिरलंय तुमचं."

"ऊन नव्हतं, भाऊजी. मी होते."

रूपालीनं शिवी दिली नाही, माफही केलं नाही. तिनं फोन काढून समोर धरला.

"पुन्हा बोला, मावशी. कुणी सांगितलं होतं, तेही. नावं घेऊन."

कुसुमताई उंबऱ्याबाहेर आल्या. पहिलं नाव स्वतःचं घेतलं. दुसरं घेतलं तेव्हा पाठीमागं दाराची कडी आतून लागली. त्यांनी तिसरं नाव घेतलं.