सतरा नंबरची फळी

जुन्या लॉऱ्यांच्या मेळाव्यात शिरताच एडनानं माझा दंड धरला. "विल्फ, सांग, कुठली?"

"जरा दम धर. या वयात पळायला लावतेस."

लँकाशायरभरच्या म्हाताऱ्या लॉऱ्या रंगरंगोटी करून लग्नाला निघाल्यासारख्या उभ्या होत्या. लेलँड, अ‍ॅटकिन्सन, अल्बियन. एडनाचा नवरा सीरिल आणि मी, आम्ही जन्मभर पाडकामवाले. गिरण्या पाडल्या, धुराडी पाडली आणि असल्याच लॉऱ्यांतून राडारोडा वाहिला. पाडलेल्याचं कधी वाईट वाटलं नाही. पोटच त्याच्यावर होतं.

वाईट वाटलं ते एकदाच, हिल स्ट्रीटचं चॅपेल, म्हणजे छोटंसं चर्च, पाडताना. ते एडनाच्या माहेरचं. तिथं प्रत्येक घराचा बाक ठरलेला आणि त्यावर पितळी नंबर. त्यांचा सतरा. पाडायचं काम आमच्याकडे आलं आणि एडनानं नवऱ्याशी बोलणंच टाकलं. धुराडं पाडायची आमची रीत अशी, की बुंध्याच्या विटा काढून लाकडी टेकू द्यायचे आणि खाली जाळ करायचा. टेकू जळाले की धुराडं कोसळतं. चॅपेलचे बाक त्या जाळासाठीच गेले. सतरा नंबरची फळी तेवढी सीरिलनं बाजूला काढली आणि आपल्या फोडेन लॉरीत, ड्रायव्हरशेजारच्या बैठकीला ठोकली. नंबरासकट. मग बायकोला म्हणाला, "तुझी जागा राखून ठेवलीय. ये कधीतरी बसायला."

"त्या धुळीत? बघ वाट," एडना म्हणाली. अबोला सुटला, पण ती बसायला काही गेली नाही. त्या फळीवर वर्षानुवर्षं बसलो मी. पुढे लॉरी विकली गेली आणि गेल्या हिवाळ्यात सीरिलही गेला. तेव्हापासून एडनानं एकच धोशा लावला होता, एकदा त्या फळीवर बसायचंय.

तेवढ्यात पाठीमागे कुणीतरी इंजिन सुरू केलं. जुन्या फोडेनचं ते भोकाड मी झोपेतही ओळखीन. तरी खात्रीसाठी वाकून पाहिलं. चासीवर वेल्डिंगची वाकडी पट्टी होती, माझ्याच हातची. सीरिल त्या पट्टीला घरीसुद्धा 'विल्फची सही' म्हणायचा.

लॉरीचा मालक ग्रॅहम तरणा होता. त्यानं कौतुकानं दार उघडलं. "कारखान्यातून निघाली तश्शी केलीय. आत कुणीतरी कसलीशी फळी ठोकली होती. दिली शेकोटीत."

आत काळ्या रेक्झिनची नवीकोरी गादी होती. त्याच्यावर रागवावं असं फार वाटलं. पण बाकीचे बाक आम्हीच जाळलेले, रागवायचं कुठल्या तोंडानं? एडना चार पावलं मागे होती. इंजिनाच्या आवाजात तिला काही ऐकू गेलं नव्हतं. ग्रॅहमनं इंजिन बंद केलं तशी ती जवळ आली.

"ही नव्हे गं," मी म्हणालो. "सीरिलची वेगळी होती. पुढच्या मेळाव्यात बघू."

ती लॉरीला धरून सावकाश वाकली, खाली बघितलं आणि पट्टीवर बोट ठेवलं.

"इतकं वाकडं काम अख्ख्या इंग्लंडात दुसऱ्या कुणाला जमायचं नाही, विल्फ. चल, चढायला हात दे."

मी हात दिला. पर्स मांडीवर घेऊन ती नव्या गादीवर बसली. फळी गेली हे तिला सांगावं लागलं नाही.

"एक चक्कर मारायची का?" ग्रॅहमनं विचारलं.

"नको रे बाबा. ज्यानं बोलावलं होतं, त्याच्याबरोबर जायला हवं होतं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "नंबर कुठे होता?"

"उजव्या कडेला. सीरिलच्या बाजूला."

तिनं तिथं हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.