मैत्रिणींसोबत आनंदाची फेरी

संचालकांचं पत्र महिनाभर टेबलावर पडून होतं आणि मी उत्तर देत नव्हतो. आमच्या क्रीडाशाळेचा इतिहास मी लिहिला होता. रिम्मा गोर्देयेवाच्या फोटोखाली मात्र त्यांनी स्वतःची ओळ घातली होती : 'लग्नासाठी खेळ सोडताना, मैत्रिणींसोबत आनंदाची फेरी.' हीच ओळ राहील, संमती कळवा, असं पत्रात होतं. मी ग्रंथपाल, भांडणं मला पुस्तकातलीच झेपतात.

रविवारी रिम्माच काठी आपटत दारात आली. हेप्टॅथलॉनमध्ये, म्हणजे सात प्रकारांच्या त्या दोन दिवसांच्या स्पर्धेत, कधीकाळी देशात दुसरी आलेली बाई. आता माझा जिना चढून धापा टाकत होती.

"इग्नाती ल्वोविच, हे तुम्ही लिहिलंत?"

"ती ओळ माझी नाही गं."

"पुस्तकावर नाव तुमचं आहे! तुम्ही होतात ना स्टेडियममध्ये?"

होतो. लांब उडीतच तिचा गुडघा गेला होता. प्रशिक्षकाने दुखणं दबवायची सुई टोचायला लावून तिला आठशे मीटर पळवलं. रेषा ओलांडून ती कोसळली. शेवटच्या शर्यतीनंतर सगळ्याजणी, पहिली असो वा शेवटची, हात धरून मैदानाला फेरी मारतात. या खेळाची रीतच आहे ती. दोन दिवस ती जिच्याशी झुंजली त्या पेर्म शहरच्या मुलीने आणि आणखी एकीने तिला बगलेत हात घालून उचललं आणि फिरवलं. लोक टाळ्या वाजवत होते. प्रशिक्षक पाठ फिरवून गुण जुळवत होता.

"माझा डावा पाय बघा फोटोत. जमिनीला लागलाय?"

लागला नव्हता.

"लग्न म्हणे! कुणाशी? या काठीशी?" तिने चहाला हात लावला नाही. "संचालक त्या प्रशिक्षकाचा जावई, तो सासऱ्याला झाकणारच. पण तुम्ही? थिजलेला रस्सा आहात नुसता! बशी हलली की थरथरायचं!"

माझे कान तापले. राग तिच्यावर नव्हे. फोटोतल्या त्या पाठमोऱ्या माणसावर.

मी कागद ओढला. 'गुडघा निकामी असताना हिला सुई टोचून पळवलं. प्रतिस्पर्धी मुली तिला उचलून नेत आहेत. कृपया हे छापा. नाहीतर माझं नाव काढा, आणि का काढलं ते मी गावभर सांगेन.'

तिने वाचलं. "'कृपया' खोडा."

खोडलं. कोट चढवून मी सवयीने खुर्चीत टेकलो. आमच्याकडे निघण्याआधी क्षणभर बसतात.

"कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत जायचंय, सैबेरियाला नाही. उठा!"

पेटीचं झाकण थंडीने घट्ट बसलं होतं. रिम्माने काठीने दणके घालून ते सोडवलं आणि मी पाकीट आत टाकलं.