बरणीवर न लागलेली चिठ्ठी

बालाघाटच्या न्यायालयात एकतीस वर्षे पेशकारी, म्हणजे साक्षी-अर्ज लिहिण्याची कारकुनी, करून निवृत्त झालेल्या बंडोपंतांची अशी दृढ समजूत होती की, जी गोष्ट कागदावर उतरली ती निम्मी सुरक्षित झाली. त्यांचे अक्षर इतके देखणे की, निवृत्तीनंतरही लालबर्ऱ्यापासून लोक अर्ज लिहवून घेण्यासाठी त्यांच्या दारी येत. म्हणूनच थोरला मुलगा यशोधन याने पुण्याहून भांडी धुण्याचे यंत्र पाठविले, त्या वेळी बंडोपंतांनी सोबतची पुस्तिका चार दिवस चष्मा लावून वाचली, तिचे सार सात नियमांत काढले आणि तो जाड कागद ओट्याच्या वरच्या भिंतीस चिकटवून टाकला.

सुऱ्या टोक खाली करून ठेवाव्यात. यंत्र चालू असता दार उघडू नये, वाफेने तोंड भाजते. आत हात घालण्यापूर्वी भिंतीवरचे बटण बंद करावे. देवाची तांब्यापितळेची भांडी यात घालू नयेत, काळवंडतात. पाचवा नियम मात्र त्यांनी लाल शाईने लिहिला होता : ‘यंत्राची भुकटी तिच्या मूळ खोक्यातच राहील. ती अन्य भांड्यात काढू नये, खाण्याच्या वस्तूंजवळ कदापि ठेवू नये.’ सहावा नियम भांड्यांतील खरकटे आधी निपटून घेण्याविषयी होता आणि सातवा असा होता : ‘तळची जाळी दर रविवारी बंडोपंत स्वतः साफ करतील.’

यंत्र आले ते पत्नी सुनंदाबाईंच्या बोटांपायी. सांधे सुजून त्यांची मूठ मिटेनाशी झाली होती. सकाळची भांडी घासायला अनुसया येई, परंतु रात्रीचा ढीग सुनंदाबाईंच्याच वाट्यास येत असे. यंत्र पाहून अनुसया मात्र धास्तावली. चौदा वर्षे ती या घरी येत होती. तिने पदराला हात पुसत विचारले होते, “मंग आता मले काढून टाकसान का, काकाजी?”

यंत्राला हात नसतात, भांडी त्यात कोणी तरी रचावीच लागतात, असे बंडोपंतांनी तिला समजावून सांगितले. खैरलांजीकडच्या शाळेत ती चौथीपर्यंत शिकलेली. तिने भिंतीपुढे उभे राहून एकेक अक्षर जुळवीत सातही नियम वाचले आणि आठ दिवसांत पाठ केले. पुढे तो एक खेळच झाला. बंडोपंत चहा घेता घेता विचारीत, “अनुसया, नियम चौथा?” आणि ती हातचे काम न थांबवता तो म्हणून दाखवी. वर हसून टोला हाणी, “सातवा तेवढा तुमचा हाय, काकाजी. बाकीचे सहा माह्याकडे.”

श्रावण लागला. त्या घरची एक जुनी रीत होती. श्रावणातल्या उपवासांसाठी सैंधव मीठ वेगळे ठेवायचे. रोजच्या मिठाचा चमचा त्यास लागू द्यायचा नाही. त्याची काचेची बरणी महिन्याच्या आरंभी धुऊन, उन्हात वाळवून, ताज्या वाटलेल्या सैंधवाने भरायची आणि ती वरच्या, उपवासाच्या फळीवर ठेवायची. धुणे, वाळवणे आणि वाटणे ही तिन्ही कामे अनुसयाकडे असत. शनिवारी तिने बरणी धुतली, खिडकीत पालथी घातली आणि सैंधव सोमवारी सकाळी वाटू म्हणून घरी गेली.

रविवारी अनुसयाची सुट्टी असे. दुपारी सुनंदाबाई शेजारणीबरोबर भजनाला गेल्या होत्या. आदल्या रात्री घरी चार पाहुणे जेवून गेले होते. चिन्नोर तांदळाचा मऊ भात ताटांना तसाच चिकटलेला राहिला होता. बंडोपंतांनी ती ताटे यंत्रात रचली आणि कळ दाबली. मागच्या रविवारी जाळी साफ करायची राहिली आहे, त्याच्याही मागच्या रविवारी राहिली होती, हे त्यांना आठवत होते. एवढा एक फेरा होऊ दे, मग करू, असे त्यांनी मनाशी म्हटले. माणूस दुसऱ्यासाठी केलेला नियम डोळ्यांत तेल घालून पाळवून घेतो आणि स्वतःसाठी केलेल्या नियमाकडे घरच्या पाहुण्यासारखा पाहतो.

अर्ध्या तासाने यंत्राच्या दाराखालून पाणी आले. जाळीत भाताचा लगदा घट्ट बसला होता. बंडोपंतांनी बटण बंद केले, पाणी टिपले, जाळी काढून नळाखाली धुतली. एवढ्यात त्यांचे लक्ष ओट्याखाली गेले. भुकटीचे पुठ्ठ्याचे खोके खालून भिजले होते. आणखी थोडा वेळ गेला असता तर सगळ्या भुकटीचा दगड झाला असता. समोर खिडकीत एक स्वच्छ, कोरडी, रिकामी बरणी पालथी होती. त्यांनी भुकटी तिच्यात ओतली, झाकण लावले आणि ओले खोके अंगणातल्या कचऱ्याच्या टोपलीत टाकले.

पाचवा नियम त्यांना आठवला नाही, असे नाही. आठवला, म्हणूनच ते लगेच चिठ्ठी लिहावयास बसले. ‘विष. भांडी धुण्याच्या यंत्राची भुकटी. खाण्याची नव्हे.’ खाली लाल रेघ ओढली. डिंकाची बाटली उघडतात तोच दारात मोतीलाल उभा राहिला. लालबर्ऱ्याच्या मिलवरचा हा ओळखीचा मुनीम. वीजबिलाच्या तक्रारीचा अर्ज त्याला आजच हवा होता. बंडोपंतांनी चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि ते बैठकीत गेले. अर्ज दोन पाने झाला. चहा झाला. मोतीलाल उठला तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती आणि चिठ्ठी त्यांच्या मनातून पार उतरली होती.

इकडे सुनंदाबाई भजनाहून परतल्या तो ओट्यावर पांढऱ्या भुकटीने भरलेली उपवासाची बरणी त्यांना दिसली. अनुसया शनिवारीच मीठ वाटून ठेवून गेली, पोर कामाची हो, असे म्हणत त्यांनी ती उचलली आणि वरच्या फळीवर नेऊन ठेवली.

सोमवारी अनुसया आली. सुनंदाबाईंनी भगर करताना पुडीतले शिल्लक सैंधव संपविले होते. अनुसयाने वाटायला सैंधव मागितले, तेव्हा त्या म्हणाल्या की तू तर भरूनच ठेवले आहेस. अनुसयाला ते नीटसे उमगले नाही. काकूंनीच वाटले असेल, असे तिने धरले आणि ती कामाला लागली. दोघींचाही उपवास होता. काम उरकल्यावर सुनंदाबाईंनी तिला ताटात भगर वाढली, काकडीच्या फोडी दिल्या, वर लिंबू पिळले आणि मीठ कमी वाटले तर बरणीतले घे म्हणून सांगितले. अनुसयाला खारट आवडे. तिने चांगली दोन चिमटी भुकटी फोडींवर भुरभुरली आणि दोन फोडी एकदमच तोंडात टाकल्या.

बंडोपंत बैठकीत वर्तमानपत्र वाचत होते. ताट आपटल्याचा आवाज झाला. ते आत आले तेव्हा अनुसया दोन्ही हातांनी तोंड धरून मोरीकडे धावत होती आणि तिच्या ओठांच्या कडेने फेस येत होता. सुनंदाबाई गडबडून गेल्या. उलटी करवायला हवी, असे म्हणत त्यांनी पेल्यात पाणी घेतले आणि त्यात चमचाभर मीठ ढवळावयास घेतले.

बंडोपंतांची दृष्टी पाटाजवळच्या बरणीवर पडली आणि त्यांनी ती ओळखली. तोंडून शब्द निघण्यापूर्वी एक क्षण गेला. तो क्षण पुढे त्यांना फार काळ छळणार होता. कारण त्या क्षणी त्यांच्या मनात अनुसया नव्हती. ‘बोललो तर कळेल’ एवढेच त्यांच्या मनात होते.

“उलटी नको,” ते म्हणाले. “ती यंत्राची भुकटी आहे. जाताना जाळते, तशीच परत येतानाही जाळील. साधे पाणी दे. चुळा भरू दे तिला.”

त्यांनी स्वतः तिला चुळांवर चुळा भरावयास लावल्या, ओठ धुतले, दोन घोट पाणी हळूहळू पाजले. मग अंगणात जाऊन टोपलीतले ओले खोके काढले. त्यावर लिहिलेले डॉक्टरांना दाखवावे लागेल, हे त्यांनी पुस्तिकेत वाचलेले होते. शेजाऱ्याच्या मोटारीतून पाऊण किलोमीटरवरच्या जिल्हा रुग्णालयात पोहोचेपर्यंत अनुसयाचे ओठ सुजून आले होते आणि तिला शब्द काढता येत नव्हता.

डॉक्टर तरुण होत्या, श्रुतिका नावाच्या. त्यांनी खोके वाचले, घसा तपासला आणि बाहेर येऊन हिंदीत सांगितले की तोंड व जीभ भाजली आहे, घशाला वरवरची इजा दिसते, दोन दिवस ठेवून घ्यावे लागेल. मग बंडोपंतांकडे वळून म्हणाल्या, “उल्टी नहीं करवाई, यह बहुत अच्छा किया आपने. डिब्बा भी साथ लाए. इतना तो पढ़े-लिखे लोग भी नहीं करते.”

बंडोपंतांनी मान खाली घातली. पाहणाऱ्यांस तो विनय वाटला.

अनुसयाचा नवरा भैयालाल रिक्षा चालवीत असे. तो स्टेशनवरून खाकी सदऱ्यातच धावत आला. सुनंदाबाईंनी त्याला जे सांगितले ते त्यांच्या समजुतीप्रमाणे खरेच होते. बरणी धुणे, भरणे ही अनुसयाची कामे, तिने घाईत मिठाऐवजी भुकटी भरली असावी. भैयालाल खाटेजवळ गेला. भ्यालेला माणूस पुष्कळदा रागाने बोलतो, तसा तो बोलला, “दोन अक्षरं येतात ना तुले? मंग वाचून काहून नाही भरली?”

अनुसयाने जोराने मान हलविली. मग तिने हात उचलला, बोटे एखाद्या बरणीभोवती धरावीत तशी वाकविली आणि मनगट उलटे केले. पुन्हा तसेच केले. भैयालालला वाटले, तिला पाणी हवे. तो पेला आणावयास गेला. ती मात्र दारात उभ्या असलेल्या बंडोपंतांकडे पाहत तोच हात उलटा करीत राहिली. पालथी बरणी. रिकामी होती, असे ती सांगत होती.

हजारो साक्षी ज्यांनी आपल्या हाताने लिहून घेतल्या, त्या माणसास ही साक्ष समजली नाही, असे कसे म्हणावे? ते तेथून निघून बाहेर ओसरीत आले.

सुनंदाबाई बाकावर बसल्या होत्या. पोरीची दया येते, पण आता तिला स्वयंपाकघरात घेणे नको, त्या हळूहळू म्हणत होत्या. आज तिच्यावर बेतले, उद्या घरात कोणावर बेतेल. यंत्र आहेच, झाडूपोछ्याला दुसरी पाहू. बंडोपंतांनी चष्मा पुसण्यासाठी रुमाल काढावा म्हणून खिशात हात घातला. सदरा कालचाच होता. बोटांना कागद लागला.

ती चिठ्ठी घेऊन ते ओसरीच्या टोकाला, हात धुण्याच्या कुंडीपाशी गेले. दोन बोटांत चुरगाळली असती आणि नळ सोडला असता, तर शाई विरघळून गेली असती. दुसरा पुरावा कोठेही नव्हता. पुरावा नसला म्हणजे माणूस निर्दोष सुटतो, हे त्यांनी एकतीस वर्षे पाहिले होते. घरी जाऊन सुखाने जेवतो किंवा नाही, हे पाहण्याचा प्रसंग त्यांस कधी आला नव्हता.

मागून भैयालाल आला. त्याचे डोळे भरले होते. “काकाजी, डॉक्टरीण म्हणे, उलटी करवली असती तं नळी जळून गेली असती. तुम्ही होते म्हणून वाचली ते.” आणि तो बंडोपंतांच्या पायांना हात लावावयास वाकला.

बंडोपंत झटकन मागे सरले. त्यांनी चिठ्ठी भैयालालच्या हाती दिली.

त्याने ती उजेडाकडे धरून वाचली. “हे काय हाय?”

“काल लिहिली. बरणीत भुकटी मी भरली, भैयालाल. अनुसयाने ती धुऊन रिकामी ठेवली होती. चिठ्ठी लावायची राहिली.”

भैयालालने चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली. तो ओरडला नाही. त्याने ओरडावे, असे बंडोपंतांना मनापासून वाटले.

“अक्षर लई चांगलं हाय तुमचं,” तो म्हणाला. “बरणीवर नव्हतं.” आणि चिठ्ठी घडी करून त्याने आपल्याच खिशात ठेवली.

सुनंदाबाई बाकावरून उठून केव्हा जवळ आल्या, ते दोघांच्याही ध्यानात आले नव्हते. त्या एवढेच म्हणाल्या, “म्हणून तुम्हाला न चाखता कळले.” त्या रात्री घरी ताटे त्यांनी सुजलेल्या बोटांनीच घासली, यंत्राचे दार उघडले नाही.

तिसऱ्या दिवशी अनुसयाला घरी सोडले. बंडोपंत रुग्णालयाच्या फाटकाशी उभे होते. रिक्षात ती मागे बसली होती, ओठांवर काळसर खपली, गळ्याशी पदर घट्ट ओढलेला. त्यांनी सांगण्यासाठी पुष्कळ वाक्ये मनाशी जुळविली होती.

“मी सांगितले आहे सर्वांना,” ते म्हणाले. “तुझी काही चूक नव्हती. तू बरी झालीस की कामावर ये. सुनंदालाही तसेच वाटते.”

अनुसयाने त्यांच्याकडे पाहिले. आवाज फाटलेला होता, एकेक शब्द दुखत बाहेर येत होता.

“बरणी म्या धुतली होती. पालथी ठेवली होती.”

“होय. सांगितले मी ते.”

“तुम्ही नका सांगू, काकाजी,” ती म्हणाली. “दोन दिवस तोंडात धरून ठेवलं हाय. मले सांगू द्या काकूले.”

तिने भैयालालच्या खांद्याला बोट लावले. रिक्षा तिच्या घराच्या वाटेने गेली नाही, बंडोपंतांच्या घराकडे वळली. बंडोपंत मागे पायीच निघाले. ते घराच्या फाटकाशी पोहोचले तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीतून अनुसयाचा तो खरखरीत आवाज ऐकू येत होता. ती थांबत थांबत बोलत होती. बंडोपंत पायरीवर थांबले. आत जाण्याचा अधिकार आपल्याला आहे किंवा नाही, हे त्यांस ठरविता येईना. मग आतून, त्याच फाटक्या आवाजात, विचारणा आली :

“काकाजी आले का? इचारा त्याईले, नियम पाचवा?”