टेस्टिंगचं बोलणं

बारामतीच्या एमआयडीसीत सर्जेराव काटे यांचा टेलिफोनचा कारखाना होता. सरकारी टेलिफोन खात्याला लागणारे काळे, लाल, हिरवे फोन तिथं तयार होत. पेटीत भरण्याआधी प्रत्येक फोनवर बोलून बघावं लागे, आणि ते काम दोन बायकांकडं होतं. हॉलच्या एका टोकाला काचेच्या खोलीत मुक्ताबाई, दुसऱ्या टोकाच्या खोलीत फुलाबाई. मधे सगळी ठोकाठोक आणि सोल्डरिंगचा धूर.

मुक्ताबाई जवळच्या वाडीतली. तिच्या सासऱ्यांचा जन्म मेंढरांमागं गेलेला. महिन्याला पगार आणणारी घरात तीच पहिली. फुलाबाई इंदापूर तालुक्यातली, नरसिंहपूरची. घरी ऊस होता, पण नवरा गेल्यावर तो दिरांच्या हाती राहिला आणि ती भावाकडं बारामतीला येऊन राहिली होती.

सुरुवातीला दोघी नेमून दिलेलंच बोलत.

"हॅलो, एक, दोन, तीन. आवाज येतोय का?"

"येतोय. खरखर न्हाय."

की पुढचा फोन. पण दिवसभर एक-दोन-तीन किती म्हणायचं? हळूहळू त्या जागी सकाळची आमटी आली, मग दिराची भांडणं आली. एका फोनवर निघालेली गोष्ट तिसऱ्या-चौथ्या फोनवर संपायची. मधेच आवाज बारीक झाला तर फुलाबाई म्हणायची, "थांब, ह्यो बाजूला ठेवते. आता दुसऱ्यावरनं सांग. मग सासू काय म्हनली?"

एका दुपारी रिसीव्हरमधून फुलाबाईचा आवाज आला, "मुक्ते, भावाच्या घरात माझं मन लागंना. जेवाया बसलं की वाटतं, समदी माझ्या ताटाकडंच बघत्यात."

मुक्ताबाईनं तो फोन उगाच दोनदा तपासला.

जेवणाच्या सुट्टीत दोघी लिंबाखाली शेजारी-शेजारी डबा उघडायच्या. तिथं फुलाबाई एवढंच म्हणायची, "ऊन लई हाय आज." मुक्ताबाईला उमजलं होतं. तोंडासमोर माणूस नसतं, म्हणूनच ही बोलू शकते. सुट्टीत तिनं कधी तो विषय काढला नाही.

सत्त्याण्णव साली खात्याच्या ऑर्डरी आटू लागल्या. सर्जेराव मुंबईचं एक प्रदर्शन बघून आले आणि सगळ्यांना हॉलमध्ये बोलावून त्यांनी टेबलावर एक चपटी डबी ठेवली.

"ह्याला मोडेम म्हणत्यात," ते म्हणाले. "आता तारेतनं निस्तं बोलणं जायचं न्हाय. कागद जातील, चित्रं जातील. इंटरनेट आलंय. टिकायचं असंल तर आपल्यालाबी हेच करावं लागंल."

त्यांनी डबी जोडली. आतून किंचाळल्यासारखा आवाज निघाला, तशी माणसं हसली. फुलाबाईनं विचारलं, "साहेब, ह्याच्यासंगट बोलायचं काय?"

"काय बोलायचं न्हाय, फुलाबाई. हिरवं दिवं लागलं की झालं."

मोडेम तपासायच्या कॉम्प्युटरला जागा हवी म्हणून काचेच्या दोन्ही खोल्या काढायच्या ठरल्या. सर्जेरावांनी त्या स्वतः उभं राहून बांधून घेतल्या होत्या. सुतार तावदानं उतरवत होता तेव्हा ते जवळ उभे होते. एक तावदान त्यांनी स्वतः धरलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं.

दोघींना आता एकाच टेबलावर स्क्रू बसवायचं काम मिळालं. कोपराला कोपर लागे. मुक्ताबाईनं एकदा विचारून पाहिलं, "भाऊ काय म्हनतोय?" फुलाबाईनं मान खाली घातली. "बरा हाय." पुढं दिवसचे दिवस दोघींत स्क्रू आणि चहा यापलीकडं बोलणं झालं नाही. मुक्ताबाईला घरी गेल्यावरही काहीतरी हुकल्यासारखं वाटायचं. हात उगाच कानाकडं जायचा.

मोडेम काही चालले नाहीत. बाहेरच्या देशांतले स्वस्त मोडेम पुण्याच्या दुकानांत येऊन पडले होते. शेवटी सर्जेरावांनी फोन दुरुस्तीचं थोडं काम धरलं आणि मोजकीच माणसं ठेवली. बाकीच्यांना त्यांनी एकेकाला बोलावून स्वतः सांगितलं. फुलाबाईला बोलावलं तेव्हा तीच म्हणाली, "तुमी काय करनार, साहेब? लई वर्षं पोसलं तुमी." मुक्ताबाई राहिली, फुलाबाई भावाकडं न थांबता नरसिंहपूरला गेली आणि देवळापाशी नारळ-फुलं विकू लागली.

दिवाळीनंतर मुक्ताबाई एसटीनं तिला भेटायला गेली. फुलाबाईला आनंद झाला. तिनं घाईनं पिठलं टाकलं, पण जेवताना दोघी पुन्हा अवघडल्या. ऊसतोड सुरू झाली का, पाणी किती आहे, असलंच काहीतरी चाललं होतं.

उन्हं कलल्यावर फुलाबाई म्हणाली, "चल, धुनं हाय थोडं."

भीमा-नीरेच्या संगमावर दोघी दोन दगडांवर बसल्या, तोंडं पाण्याकडं. फुलाबाई लुगडं घासत राहिली. मग मान न वळवता बोलू लागली. भावानं शेवटी काय सुनावलं, ती तिथून कशी निघाली, पहिल्या दिवशी फुलं विकताना मेल्याहून मेल्यासारखं कसं झालं, आणि आता पहाटे देवळाची घंटा ऐकून उठताना बरं कसं वाटतं.

मुक्ताबाईनंही तिच्याकडं पाहिलं नाही. पिळा घट्ट धरून ती म्हणाली, "मग? फुडं काय झालं?"

परतीची इंदापूरची शेवटची एसटी सुटल्याचं दोघींच्या ध्यानातच आलं नाही. मुक्ताबाई त्या रात्री तिथंच राहिली.