गाळणीतले रंगीत कागद

ग्रोव्हरचा दुसरा ठोसा बसला तेव्हा तेओफिलोचा दात चिखलात पडला.

"माझा भाऊ मारलास तू, मिस्त्री. क्लच तूच बांधला होतास ना?"

सोन्याच्या खाणीतली माणसं कडं करून उभी होती. एकाच्या हातात दोर होता. सकाळी ग्रोव्हरच्या भावाचा, एलोयचा, बुलडोझर सरळ चालता चालता एकाएकी डावीकडे वळला आणि कड्यावरून खाली कोसळला. एलोय त्याच्याखाली चिरडला. तेओफिलोनं फक्त तासभर मागितला होता. क्लच उघडून बघू द्या, चूक माझी निघाली तर दोर आहेच.

कड्याखाली पडलेल्या यंत्राला टेकून त्यानं डाव्या पट्ट्याच्या क्लचचं बूच फिरवलं. काळं तेल यायला हवं होतं. दुधाच्या कॉफीसारखं तेल आलं. हा क्लच तेलात बुडालेला असतो, ते तेलच त्याला थंड ठेवतं. त्यात पाणी शिरलं की चकत्यांचं अस्तर सुटतं, त्या घसरू लागतात, त्या बाजूचा पट्टा थांबतो आणि यंत्र तिकडेच वळतं. त्यानं चकत्या काढल्या. बोडक्या होत्या. मग तेलाची गाळणी काढली. तिला गुलाबी, पिवळे, कागदाचे गोल तुकडे चिकटले होते.

कार्निव्हलच्या मंगळवारी सगळ्यांनी यंत्रांवर कागद उधळले होते, धरणीमातेच्या नावानं बिअर शिंपडली होती. झिंगलेल्या ग्रोव्हरनं भावाच्या बुलडोझरच्या क्लचचं तेलाचं झाकण उघडून दोन बाटल्या आत ओतल्या होत्या, झाकणावरचे कागदही बिअरबरोबर आत गेले होते. "आईच्या पोटातही जाऊ दे की थोडी!" तेओफिलो शेजारीच होता, हसला होता. दुसऱ्या दिवशी तेल काढायचं त्यानं ठरवलं, पण धरणीमातेला दिलेला घास काढून फेकायला हात धजेना. उद्या, परवा करता करता चाळीस दिवस गेले.

त्यानं तुकडे मुठीत घेतले.

"तेलात पाणी होतं," तो म्हणाला. "मला माहीत होतं. मी बदललं नाही."

दोरवाला पुढे सरकला. त्याच्याआधी ग्रोव्हरची पहार आली ती थेट तेओफिलोच्या मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. मूठ उघडली.

ग्रोव्हर तळहाताकडे पाहत राहिला. गुलाबी, पिवळे. पहार त्याच्या हातून गळाली.

"मघाशीच का नाही बोललास?" त्यानं हळूच विचारलं.

"हसलो होतो ना मीही."

ग्रोव्हर गुडघ्यांवर बसला आणि त्या मोडक्या हाताला धक्का न लावता एकेक तुकडा नखानं उचलू लागला. दोरवाल्यानं दोनदा विचारलं, काय करायचं याचं. ग्रोव्हरनं पुढचा तुकडा उचलला.