पुढचा धडा

विठ्ठलवाडीच्या फ्लॅटमध्ये भागीरथीबाई आता एकट्याच राहत होत्या. त्यांचे यजमान शिवराम अंध मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपसाठी रोज इतिहासाचा धडा वाचून रेकॉर्डिंग पाठवत. ते गेले, तसा त्यांचा मोबाईल कपाटातच पडून राहिला. एका दुपारी बाईंनी तो चार्जिंगला लावला आणि थोड्याच वेळात ग्रुपमधल्या, बदलापूरच्या अक्षदाचा फोन आला.

“काका, पुढचा धडा नाही पाठवलात? परीक्षा जवळ आलीय.”

“काका वारले गं,” बाई म्हणाल्या.

संध्याकाळी अक्षदाने काकांचं एक जुनं रेकॉर्डिंग पाठवलं. वाचता वाचता शिवराम मध्येच म्हणत होते, “भागी, पंखा कमी कर ना, पानं उडतायत.” बाईंनी तेवढंच पुन्हा पुन्हा ऐकलं. मग त्यांचं पुस्तक शोधून काढलं, पुढचा धडा स्वतःच वाचला आणि ग्रुपवर पाठवला.

अक्षदाने लगेच फोन केला. “काकू, छान वाचलंत. पण मध्येच थांबलात. रडलात का?”

“नाही गं, पान उलटत होते.”

फोन ठेवला, तेव्हा घरात पुन्हा कुणाचाच आवाज उरला नव्हता.